झांज पायाशी पडली होती

'व्हिपलॅश' या २०१४ च्या चित्रपटातला संगीतशिक्षक फ्लेचर आपल्या क्रौर्याच्या समर्थनासाठी एक गोष्ट सांगतो. कोवळ्या जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं वादन फसलं, तेव्हा ड्रमवादक जो जोन्सने त्याच्या डोक्यावर झांज भिरकावली. पोरगा रडला, रियाझाला लागला आणि थोर झाला. हे ऐकून त्याचा विद्यार्थी अँड्र्यू हाताला रक्त येईपर्यंत ड्रम बडवतो. फ्लेचर रंगवणाऱ्या जे. के. सिमन्सना ऑस्कर मिळालं आणि ही गोष्ट जगभर गेली.

मूळ घटना कॅन्सस सिटीतली, १९३६ सालची. शहर टॉम पेंडरगास्ट या राजकीय दादाच्या मुठीत होतं. दारूबंदीच्या काळातही इथे दारूला कुणी अडवलं नाही. क्लब पहाटेपर्यंत उघडे असत, त्यामुळे ऐन मंदीतही वादकांच्या हाताला काम होतं. रात्रीची नोकरी आटोपली की हेच वादक एकत्र जमत आणि जॅम सेशन रंगे. जॅझची शाळा ती हीच. तिथे नाव घालायला लागत नसे. लय आणि कॉर्ड सांभाळता आले तर टिकायचं, नाहीतर खाली उतरायचं.

बाराव्या रस्त्यावरच्या रिनो क्लबमध्ये काउंट बेसीचा बँड वाजवत असे आणि जोन्स त्याचा ड्रमवादक. जेमतेम सोळा वर्षांचा पार्कर तिथे सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि मध्येच वाट चुकला. बासवादक जीन रेमी याने पुढे सांगितलेली हकीकत चित्रपटापेक्षा बारकाईची आहे. जोन्स आधी झांजेच्या मधल्या उंचवट्यावर टण्‌ टण्‌ वाजवून इशारे देत होता. रेडिओवर मेजर बोज यांचा हौशी कलावंतांचा कार्यक्रम तेव्हा घरोघरी ऐकला जाई. त्यात न जमणाऱ्याला असाच टोल देऊन थांबवत. पोरगा काही थांबेना. अखेर जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी टाकली. खणखणाट झाला, लोक हसले.

अपमान खराच, तोही भर मैफलीत. पण जीव घेण्याचा आवेश त्यात नव्हता.

आणि नुसत्या अपमानाने कुणाला कॉर्ड कळत नाहीत. १९३७ च्या उन्हाळ्यात पार्कर जॉर्ज ली यांच्या बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात गेला. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या रेकॉर्डी घोटून घोटून त्याने पाठ केल्या, बँडमधल्या जाणत्यांना कॉर्डचे बारकावे विचारले. परतला तेव्हा ओळखीचे वादक चकित झाले.

मग त्याला बस्टर स्मिथ भेटला. अल्टो सॅक्सोफोनवर हुकमत असलेल्या या माणसाला वादक 'प्रोफ' म्हणत. त्याने पार्करला आपल्या बँडमध्ये घेतलं, शेजारी बसवलं आणि एकल वादनाला भरपूर वाव दिला. पार्करच्या घडणीत झांजेपेक्षा हा शेजार कितीतरी मोठा, आणि चित्रपटात त्याचा मागमूसही नाही.

पुढे स्मिथ न्यूयॉर्कला गेला. १९३९ च्या सुमाराला पार्करही मागोमाग पोहोचला, तो थेट स्मिथच्या दारात. बूट फार दिवस पायातच राहिल्याने त्याचे पाय सुजले होते. स्मिथने त्याला ठेवून घेतलं. आपण बाहेर असताना दिवसा आपल्याच पलंगावर झोपू दिलं. पोटासाठी पार्कर हार्लेममधल्या जिमीज चिकन शॅकमध्ये भांडी घासू लागला. तिथे पियानोवर आर्ट टेटम असे.