देहूरोडचा संकल्प आणि निगड्याचा संशोधक



विहाराच्या स्मरणिकेत इतिहासावर एक लेख हवा असे ठरले, तेव्हा पुष्कळांनी कार्ल्याच्या लेण्यांवर लिहा, असे सुचविले. आम्ही विषय थोडा निराळा घेतला आहे. आषाढी जवळ आली, देहूहून तुकोबांची पालखी निघाली, की आपल्या विहाराच्या ओट्यावर दरवर्षी एक वाद रंगतो. तरुण मंडळी म्हणतात, "विठ्ठल म्हणजे बुद्धच!" एखादे आजोबा विचारतात, "अरे, पण पुरावा काय?" मग आवाज चढतात आणि चहा गार होतो. हा वाद ज्या ग्रंथांतून चालत आला, ते कोणी लिहिले आणि कुठे छापले, हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

धर्माधर्मांची तुलना करणारे शास्त्र म्हटले की माक्स म्युलर यांचे नाव पुढे येते. त्यांनी या विषयावरची व्याख्याने लंडनमध्ये १८७० साली दिली. पण त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, १८४३ साली, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या विठ्ठलभक्तांवर एक निबंध छापून आला होता. लेखक होते जॉन स्टीव्हन्सन, आपल्याकडे आलेले स्कॉटिश मिशनरी. विठ्ठलभक्तांना त्यांनी 'बौद्ध-वैष्णव' असेच नाव दिले. याच गृहस्थांनी पुढे सह्याद्रीतल्या लेण्यांचे शिलालेख वाचण्याचा खटाटोप केला. त्यांची काही वाचने नंतरच्या पंडितांनी दुरुस्त केली, ते योग्यच झाले. पण दगडावरचे अक्षर आणि वारीतला माणूस एकाच अभ्यासात आणायचे, ही वाट त्यांनी पाडली. निबंध मात्र इंग्रजीत आणि लंडनला. ज्यांच्याविषयी लिहिले त्या वारकऱ्याच्या हाती तो कुठून पडणार?

आता देहूरोडला येऊ. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. हा दिवस आपण विसरत नाही. त्या दिवशीच्या भाषणातला एक भाग मात्र आपण अर्धाच लक्षात ठेवतो. पंढरपूरची मूर्ती ही खरी बुद्धाची, असे बाबासाहेब म्हणाले. तेवढे आपल्याला पाठ आहे. पण चरित्रकार धनंजय कीर पुढचेही नोंदवतात. या विषयावर आपण प्रबंध लिहिणार आणि तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणार, असेही त्यांनी सांगितले होते. म्हणजे सभेत टाळ्या मिळवून हा प्रश्न सुटला, असे त्यांनी मानले नाही. प्रबंध लिहायचा, जाणकारांपुढे ठेवायचा, त्यांना शंका विचारू द्यायच्या, ही त्यांची रीत.

त्याच भाषणात सामान्य माणसासाठी बुद्धाच्या शिकवणीवर ग्रंथ लिहीत असल्याचेही त्यांनी सांगितले. तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. विठ्ठलावरचा प्रबंध मात्र प्रसिद्ध झाला नाही. देहूरोडच्या त्या दिवसानंतर बाबासाहेबांना दोन वर्षेही मिळाली नाहीत.

पुढे हा प्रश्न मोठ्या ताकदीने हाती घेतला तो मावळच्याच एका माणसाने. रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा जन्म १९३० साली मावळातल्या निगडे गावचा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले, मग पुण्याला आले, आणि आयुष्यभर पोथ्या, मूर्ती, लोकदेवता यांच्या मागे फिरले. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा त्यांचा ग्रंथ पुण्याच्या श्रीविद्या प्रकाशनाने १९८४ साली काढला. १९८७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अॅन फेल्डहाउस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०११ साली ऑक्सफर्डने छापले. स्टीव्हन्सनच्या वेळी ज्ञान मावळातून लंडनला गेले ते तिकडेच राहिले. या वेळी मूळ ग्रंथ मराठीत झाला आणि जगाला त्याचे भाषांतर करून घ्यावे लागले. ढेरे २०१६ साली गेले.

आता ढेरे म्हणतात काय? इथेच आपल्यापैकी काहींची अडचण होते. विठ्ठलाचे मूळ ते गवळी-धनगरांच्या दैवतात शोधतात. पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव, संस्कृत माहात्म्ये, कानडी आणि तेलुगू परंपरा, सगळे शेजारी मांडून ते हा निष्कर्ष काढतात. मूर्ती मुळात बुद्धाची होती, हे त्यांचे म्हणणे नाही. पण बौद्ध संबंध ते झटकूनही टाकत नाहीत. संतांनी विठ्ठलाला बुद्धावताराच्या रूपात पाहिले, दशावतारांच्या जुन्या चित्रांत बुद्धाच्या जागी विठ्ठल आला, याचा ते आदराने विचार करतात.

आमच्यातल्या एकाने हा ग्रंथ वाचून पहिल्यांदा रागाने बाजूला ठेवला होता. "आपल्या विरुद्ध लिहिलंय," म्हणाला. महिन्याभराने पुन्हा उघडला, तेव्हा म्हणाला, "विरुद्ध नाही रे, वेगळं लिहिलंय. उत्तर द्यायचं तर आपल्यालाही तेवढं वाचायला लागेल." आम्हाला वाटते, एवढी एक गोष्ट आपण सर्वांनी धरून ठेवावी. ऐकीव आहे, परंपरेत आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्याने कोणतीही गोष्ट मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश आपल्या आवडीच्या मतालाही लागू आहे.

आणि मावळात तर तुलनेचा विषय पायाशीच आहे. कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारात एकवीरा आईचे देऊळ. कोळी बांधव नवस फेडायला येतात, आपण आत स्तूपाला वंदन करतो. पायथ्याचे गाव वेहेरगाव, त्या नावात विहार. दामोदर कोसंबींनी पायी हिंडून या देवींचा आणि लेण्यांचा संबंध तपासला आणि 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ सालच्या पुस्तकात मांडला. ते पुस्तकही आपल्याच डोंगरातून निघाले, आणि आपल्याच घरांत ते नाही.

म्हणून आमची विनंती अशी. विहाराच्या कपाटात बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी ढेरे आणि कोसंबी यांनाही जागा असावी. वर्षावासात ग्रंथवाचन होते, त्यानंतर महिन्यातून एक रविवार या पुस्तकांना द्यावा. वाद खुशाल व्हावा, पण पान उघडून व्हावा. देहूरोडला सांगितलेला प्रबंध आज कुणी आपल्यातल्या मुलीने किंवा मुलाने लिहायला घेतला, तर त्याचा निष्कर्ष काहीही निघो, तो पुण्यात जाणकारांपुढे वाचला जाईल त्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत बसू.