‘तन मन धन’ आणि कृष्णराव सांगळे : कीर्तनपरंपरेत घडलेले एक मराठी ख्रिस्ती पद

मराठी ख्रिस्ती गीतांचा विषय निघाला की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव प्रथम घेतले जाते आणि बहुधा तेथेच विषय संपतो. टिळकांच्या काव्यगुणांविषयी दुमत नाही. तथापि त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तत्पूर्वीच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या काय गात होत्या, हा प्रश्न पदवी वर्गास एकोणिसावे शतक शिकविताना प्रस्तुत लेखकासमोर वारंवार उभा राहिला आहे. त्याच्या उत्तरात कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) व त्यांचे ‘तन मन धन’ हे समर्पणपद यांना मोठे स्थान द्यावे लागते.

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत कार्य आरंभिले आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे उभारले. सांगळे याच नगरच्या परिसरातील. पुणे-नगर मार्गावरील, घोड नदीकाठचे शिरूर हेही याच मिशनचे एक केंद्र होते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यापूर्वी या पट्ट्यातील खेडोपाडीचा प्रवास पायी वा बैलगाडीने होई. ख्रिस्ती झालेल्यांत महार समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती व त्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापाशी जे कानावाटे पोहोचेल तेच टिकणारे होते. इंग्रजी चालींत बसविलेली भाषांतरित गीते येथे अपुरी पडत. चालीच्या ओढीने मराठी ऱ्हस्व-दीर्घांची मोडतोड होई आणि ओळखीचा शब्दही परका वाटे.

नगर भागात १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात सांगळे अग्रभागी होते. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये साकी, दिंडी, अभंग. हा साचा श्रोत्यांच्या परिचयाचा होता. आख्यान तेवढे नवे, बायबलमधले. मात्र देवळात वाढलेला प्रकार नव्या उपासनेत आणणे ही केवळ चालीची बाब नव्हती. धर्म बदलला म्हणजे गाणेही टाकावे काय, या प्रश्नाला सांगळ्यांनी आपल्या रचनेतून नकारार्थी उत्तर दिले, असे आमचे मत आहे.

‘तन मन धन’ ही शब्दत्रयी त्यांनी घडविलेली नव्हे. गुरूला वा देवाला सर्वस्व वाहण्याची ती भक्तिपरंपरेतील रूढ भाषा. सांगळ्यांनी ती ख्रिस्ताला उद्देशून योजिली. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गावकीची कामे करून वाट्याला आलेल्या धान्यावर जगणाऱ्या माणसाने ‘धन’ अर्पण करण्याचे पद गावे, यात देणारा म्हणून स्वतःकडे पाहण्याची संधी होती. गावव्यवस्थेत तो केवळ मागणारा होता. या पदाचा सामाजिक अर्थ आम्हांस त्याच्या धार्मिक अर्थाइतकाच मोलाचा वाटतो.

दौंड तालुक्यातही या पार्श्वभूमीचे महत्त्व ध्यानात येते. शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन केडगावी वसले. तुकोबांची पालखी ज्या यवत-वरवंडवरून जाते, त्याच परिसरात. या मुलखाचा कान अभंगावर तयार झालेला होता. टिळकांनी पुढे अभंग व कीर्तन स्वीकारले, ते या तयार कानासाठीच.

एरवी गीतांचे भाषांतर इंग्रजीतून मराठीत होई. सांगळ्यांच्या पदाने उलट प्रवास केला. अमेरिकन मराठी मिशनचे आल्डन क्लार्क प्रभृतींनी ते इंग्रजीत नेले आणि परदेशी गीतसंग्रहांत त्याचा समावेश झाला. तेथे चालीच्या नावाच्या जागी आजही मराठी शब्दच छापले जातात : तन मन धन.