झाडाचे गाव कोणते?

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा मुलखात घर बांधणारा विचारतोच, अंगणात कोणते झाड लावू? जाणकार सांगतात, देशीच लावा, परदेशी नको. या उत्तरापाशी मी थबकतो.

गुलमोहर मादागास्करचा, हे खरे. पण चिंचेचे मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ आफ्रिकेत मानतात. ती इथे इतकी रुळली, की अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचे खजूर म्हटले. सीताफळ तर अमेरिकेहून आले आणि सीतामाईचे नाव लावून राहिले.

सुबाभूळही तिकडचीच, मेक्सिकोची. १९६७ साली मणिभाई देसाईंनी स्थापन केलेल्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने चारा आणि सरपणासाठी तिचा प्रसार केला. हेतू चांगला होता, गुराढोरांना पालाही मिळाला. पण तिच्या शेंगांतून भरमसाट बी सांडते, पडीक जागेत दाट रान माजते आणि दुसरे रोप वर येत नाही. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आज तिचे नाव आहे. तसा आपला कडुनिंबही उत्तर ऑस्ट्रेलियात तण ठरला आहे.

म्हणून झाडाला गाव विचारण्याआधी, ते शेजाऱ्याला वाढू देते का, हे पाहावे. खानदेशातल्या अंगणात कडुनिंब लावावा. जागा मोठी असेल तर चिंच लावावी. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, तो घरापासून लांब बरा. सुबाभूळ मात्र लावू नये. ती परकी आहे म्हणून नव्हे, ती दुसऱ्याला जागा देत नाही म्हणून.