पन्हळीचें माप

छपरावरील पाण्याची चिंता घराइतकीच जुनी आहे. इसवी सन ७९ मध्यें राखेखालीं गाडल्या गेलेल्या पॉम्पेईंत छपरांचा उतार आंत असे व पाणी मधल्या कुंडांत पडे. आपल्या वाड्यांतील चौकांतहि तें असेंच उतरे. कोंकणांतील घरानें वळचण पुढें काढून पागोळ्या अंगणांत सोडल्या. तेथें पन्हळीच्या मापाचा प्रश्न बहुधा उद्भवत नसे.

पुढें शहरांत घरें एकमेकांस खेटलीं, सपाट गच्च्या आल्या, आणि सारें पाणी एका नळाच्या तोंडाशीं जमूं लागलें. तेव्हां हिशेब आला. शाळेंत मी मुलांस हें गणित घालीत असें : १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ७५ मिलिमीटर वेगानें पाऊस कोसळल्यास नळानें मिनिटाला १२५ लिटर पाणी वाहून नेलें पाहिजे.

येथें सरासरी फसवते. मुंबईचीं जुनीं गटारें तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून योजिलेलीं होतीं. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या २४ तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास मात्र सुमारें ७४. सांताक्रूझची सरासरी तासाला ३९ च भरते. परंतु त्यांतील बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या थोड्या तासांत कोसळला, आणि शहर बुडालें.

म्हणून घर बांधणारानें वर्षाचा पाऊस विचारूं नये. सर्वांत जोराचा तास विचारावा. आणि एक तोंड पाल्यानें बुजेल हें धरून गच्चीला दुसरें तोंड ठेवावें.