नैराश्यविरोधी औषधांच्या गुणाचे जैविक पूर्वसूचक

नैराश्याच्या रुग्णाला एखादे औषध लागू पडेल की नाही, याचा अंदाज उपचारांपूर्वीच देऊ पाहणाऱ्या शारीरिक खुणा. रक्तातील द्रव्ये, जनुके आणि मेंदूची चित्रणे यांत त्या शोधल्या जातात. औषधाचा पुरता गुण यायला अनेक आठवडे लागतात. अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात सिटॅलोप्रॅम या पहिल्या औषधाने सुमारे एकतृतीयांश रुग्णच लक्षणमुक्त झाले (२००६). बाकीच्यांना औषध बदलून पुन्हा वाट पाहणे आले. जगणे नकोसे झालेल्या माणसासाठी हा काळ धोक्याचा असतो.

पहिली मोठी आशा डेक्सामेथासोन चाचणीने दाखवली. रात्री अकराला १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजायचे. निरोगी माणसात ते दबते. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त राहिले, तर ताणाच्या संप्रेरकांवरचा लगाम सुटला असे मानले जाई. बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ मध्ये ती तीव्र खिन्नतेच्या निदानासाठी मांडली. पण घटलेले वजन, मद्यपान, स्मृतिभ्रंश यांतही ती तसाच निकाल देई आणि कोणते औषध निवडावे हे तर सांगतच नसे. त्यामुळे ती मागे पडली. तरी उपचारांनंतरही कॉर्टिसॉल दबत नसेल तर आजार उलटण्याचा धोका अधिक, हे तिचे निरीक्षण मोलाचे आहे.

सध्या लक्ष आहे ते दाहाकडे. ‘जेनडेप’ या युरोपीय अभ्यासात (२०१४) सीआरपी हे दाहात वाढणारे रक्तातील प्रथिन लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्यांना एस्सिटॅलोप्रॅम अधिक मानवले, त्याहून जास्त असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. तपासणी स्वस्त असल्याने हा धागा सोडू नये. मात्र लठ्ठपणा, धूम्रपान, साधा संसर्ग यांनीही सीआरपी वाढते. मेंदूच्या चित्रणांत हेलन मेबर्ग यांनी १९९७ मध्ये अग्र सिंग्युलेट भागातील चयापचय औषधाचा गुण येणाऱ्यांत जास्त व न येणाऱ्यांत कमी असल्याचे दाखवले. रोजच्या दवाखान्यासाठी ही तपासणी फार महाग पडते.

जनुकीय तपासणीबाबत गैरसमज जास्त. सीवायपी२सी१९ जनुकाचे मंद रूप असलेल्यांत एस्सिटॅलोप्रॅम यकृतात सावकाश विघटित होते, रक्तातील पातळी चढते आणि मात्रा कमी करावी लागू शकते. हे रूप युरोपीयांपेक्षा भारतीयांत अधिक आढळते, म्हणून आपल्याकडे ही माहिती उपयोगी. पण ती मात्रेविषयी आहे. त्या औषधाने मन उभारी धरेल का, याचे उत्तर अशा अहवालात नसते, आणि रुग्णाला ते आधीच स्पष्ट सांगायला हवे.