मुंगूस साता समुद्रापार

इंग्रजीतला ‘मंगूस’ म्हणजे आपलं मुंगूस, हे शाळेतच कळतं. पण तो शब्दही आपल्याकडूनच गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. संस्कृतात नकुल, हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो, बंगालीत बेजी, तमिळमध्ये कीरी. यांतल्या एकातूनही ‘मंगूस’ निघत नाही. तो निघतो मराठी-कोकणीतल्या मुंगुसातून, आणि इंग्रजी शब्दकोशही व्युत्पत्तीत मराठीचं नाव देतात.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. मुंबई, सुरत, थेट जुन्नरपर्यंत हिंडला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं, त्यात हा शब्द भेटतो. पुढे त्याच्या शेपटात इंग्रजांना ओळखीचा ‘गूस’ पक्षी दिसला आणि स्पेलिंग त्याच वळणावर गेलं. त्यामुळे अनेकवचन करताना आजही इंग्रजी बोलणारे अडखळतात. गूसचं गीस होतं, मग मंगूसचं मंगीस का नाही? शिष्टसंमत रूप आहे मंगूसेस. आपलं एक मुंगूस, दोन मुंगसं किती सरळ!

मराठीत तरी तो कुठून आला? कन्नडात मुंगुसि, तेलुगूत मुंगिस; प्राकृतातही मंगुस, मुग्गस अशी रूपं आहेत. म्हणजे मूळ द्राविड शेजाराचं. हे मला फार मोलाचं वाटतं. नकुल महाभारतात राहिला. परसातल्या बिळाशी थबकून मान वळवणारं, पोरं रामाची शपथ घालून ज्याला तोंड दाखवायला सांगतात ते मुंगूसच. ज्या शब्दाला आपण अस्सल मराठी म्हणतो, तो असा शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला आहे.

शब्दापाठोपाठ प्राणीही समुद्रापार गेला. १८७२ मध्ये एस्पूट नावाच्या मळेवाल्यानं उसातल्या उंदरांवर उपाय म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली. जनावरं बंगालची, पण नाव गेलं ते पश्चिम किनाऱ्याचं. जमैकात लोकांनी ‘स्लाय मंगूस’ हे गाणंही रचलं. १८८३ मध्ये जमैकाहून मुंगसं हवाई बेटांवर पोचली. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर राहिले आणि पक्ष्यांची अंडी फस्त होऊ लागली. हवाईच्या भाषेत ‘ग’ही नाही, ‘स’ही नाही. म्हणून तिथले लोक मुंगसाला ‘मानाकुके’ म्हणतात.