दिव्यावरचे पटल

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पेरुंगुडी हे उपनगर वसले आहे. त्याच्या एका अंगास पल्लिकरणैची विस्तीर्ण दलदल, तर दुसऱ्या अंगास बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे बंगालचा उपसागर. एके काळच्या या खेड्यात आज संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या आवारांत मोटारींच्या रांगा दिवसभर उन्हात तापत असतात. हे ऊन साधे नव्हे. 13 अक्षांशावरील या प्रदेशात सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यास, थेट माथ्यावर येतो. अशा उन्हात काही वर्षे काढलेल्या मोटारीचे पुढचे दिवे पाहिले, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांची आठवण व्हावी, इतके ते पिवळट आणि दुधी झालेले असतात. मोटारीच्या दिव्यांना हा रोग जन्मापासून नव्हता. तो कसा जडला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

1886 साली कार्ल बेंझने आपल्या स्वयंचलित गाडीचे पेटंट घेतले. तेव्हाच्या मोटारींना घोडागाडीसारखेच तेलाचे कंदील असत. पुढे कार्बाइडचे दिवे आले. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडावेत, निघालेला वायू पेटवावा आणि त्या पांढऱ्या ज्योतीच्या उजेडात वाट काढावी, अशी ही रीत होती. 1912 साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत विजेवर सुरू होणारे यंत्र आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि ज्योतीचे युग सरले. तेल, वायू आणि वीज असे अन्न बदलत गेले, तरी दिव्याचे तोंड मात्र काचेचेच राहिले. काच फुटे, परंतु म्हातारी होत नसे. काळ आपला हात फिरवी तो आतल्या चकचकीत परावर्तकावर. दमट हवेने तो काळवंडे आणि उजेड मंदावे. त्यावर उपाय म्हणून 1940 पासून अमेरिकेत काच, परावर्तक आणि तार एकत्र सीलबंद केलेला सात इंची वाटोळा दिवा रूढ झाला. तो बिघडला की सबंध बदलावयाचा.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून जी पद्मिनी मोटार बाहेर पडली, तिचेही डोळे वाटोळे आणि काचेचेच होते. 2023 साली मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. तिची इतर अंगे थकली, पण दिव्यांच्या काचेवर असे पटल कधी चढले नाही.

मग काच गेली कशी? 1953 साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोन रसायनज्ञांना, एकमेकांचा पत्ता नसताना, पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक गवसले. ते काचेसारखे पारदर्शक, वजनाला तिच्या निम्म्याहून कमी, आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारे. हवा तो आकार त्याला देता येई. मोटारीचे नाक निमुळते करून वाऱ्याचा अडथळा आणि पेट्रोलचा खर्च कमी करावा, अशी ओढ कारखानदारांना लागलेली होती. 1983 साली अमेरिकेने सीलबंद दिव्याची सक्ती सैल केली आणि लिंकन मार्क सात ही मोटार प्लॅस्टिकचे दिवे लावून तेथील बाजारात उतरली. पुढील दशकात युरोपनेही तीच वाट धरली.

या सोयीची किंमत मात्र होती. हे प्लॅस्टिक मऊ असल्यामुळे त्यावर वाळूचे ओरखडे उठतात, आणि सूर्याचे अतिनील किरण त्याच्या रेणूंची साखळी तोडून त्याला पिवळे करतात. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कठीण लेप चढवितात. हा लेप म्हणजेच दिव्याचे खरे कवच. तो झिजला की खालचे प्लॅस्टिक उघडे पडते. अमेरिकेतील मोटारचालकांच्या संघटनेने 2018 साली केलेल्या चाचणीत असे धुरकट दिवे नव्या दिव्यांच्या जेमतेम 20 टक्के उजेड देतात, असे आढळून आले. शिवाय उरलेला उजेड रस्त्यावर न पडता चहूकडे विखुरतो. कडेने चालणारा पादचारी चालकाला दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात.

पूर्वीचा वाटोळा दिवा कोणत्याही दुकानी मिळे. आता प्रत्येक मोटारीचा दिवा निराळा आणि महाग. म्हणून तो घासून उजळण्याचा धंदा जन्मास आला. धंदा नवा असला, तरी त्यातील विद्या जुनी आहे. भिंगे घडविणाऱ्या कारागिरांनी शतकानुशतके हेच केले. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पायरीने मागच्या पायरीचे ओरखडे पुसावयाचे. न्यूटननेही आपल्या दुर्बिणीचा धातूचा आरसा डांबर आणि कथलाच्या भस्माने स्वहस्ते उजळला होता. 1921 साली फ्रान्सिस ओकी या अमेरिकन गृहस्थाचा पाण्यात न विरघळणारा घासकागद बाजारात आला. आपला कारागीर त्याला वॉटर पेपर म्हणतो. दिवा ओला ठेवून आठशे, हजार, दोन हजार, तीन हजार अशा चढत्या क्रमांकांनी तो घासावा आणि अखेरीस रबिंग कंपाउंडने चमकवावा, ही त्याची रीत.

तथापि येथेच एक मोह आहे. घासणारा हात पटल काढतो, तसाच उरलासुरला लेपही काढतो. दिवा लखलखला म्हणून काम संपले असे मानणारा मनुष्य ते प्लॅस्टिक पूर्वीपेक्षा उघडे करून उन्हात पाठवितो, आणि मग थोड्याच महिन्यांत पटल पुन्हा चढू लागते. दात घासण्याची पेस्ट चोळून आणलेली झळाळी तर याहूनही अल्पायुषी. घासल्यानंतर अतिनील किरणांना अडविणारा नवा लेप चढविला, तरच श्रम सार्थकी लागतात. त्याच अमेरिकन चाचणीत उजळलेल्या दिव्यांनी सुमारे 70 टक्के उजेड परत मिळविला, पूर्ण नव्हे. पटल आतील बाजूस असेल किंवा प्लॅस्टिकला खोल तडे गेले असतील, तर मात्र दिवा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

काचेला फुटण्याचे भय होते, राखण्याची चिंता नव्हती. प्लॅस्टिकला फुटण्याचे भय फारसे नाही. राखावे मात्र लागते. पेरुंगुडीचे ऊन हाच हिशेब दररोज मांडीत असते, आणि तो चुकविला तर त्याची वसुली अंधाऱ्या रस्त्यावर होते. ती बहुधा मोटारीत बसलेल्याकडून होत नाही, कडेने पायी चालणाऱ्याकडून होते.